मॅकच्या डॉकमध्ये विंडोजची ॲप्स कुठून आली आणि ती बाहेर कशी काढायची

मॅकवर पॅरलल्स डेस्कटॉप (मॅकच्या आतच विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात विंडोज ११ बसवलं, टॅली किंवा श्री-लिपी सुरू झाली आणि काम मार्गी लागलं. मग हळूहळू काही विचित्र गोष्टी नजरेला येऊ लागतात. स्पॉटलाइटमध्ये, म्हणजे मॅकच्या शोधपट्टीत, 'नोट' टाइप करावं, तर मॅकच्या नोट्सशेजारी विंडोजचं नोटपॅड हजर. फोटोवर राइट-क्लिक करून 'ओपन विथ' उघडावं, तर यादीत पेंट. डॉकमध्ये आपण न ठेवलेलं एक फोल्डर, आणि त्यात विंडोजमधल्या ॲप्सचे आयकॉन. यातला सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलवर डबल-क्लिक केलं की बंद करून ठेवलेलं अख्खं विंडोज उठून बसतं.

हा व्हायरस नाही आणि तुमच्या हातून काही बिघडलेलंही नाही. पॅरलल्सने हे मुद्दाम केलेलं असतं. नवीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे विंडोज ज्यात चालतं तो मॅकमधला आभासी संगणक, तयार होते तेव्हाच मॅक आणि विंडोज यांच्यातली बरीचशी देवाणघेवाण चालू केलेली असते. ॲपलने २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आणले, त्याच वर्षी पॅरलल्स बाजारात आलं. विंडोज वेगळं आहे हे वापरणाऱ्याला जाणवूच नये, अशा दिशेने ते वाढत गेलं. ज्यांचं निम्मं काम इकडे आणि निम्मं तिकडे चालतं त्यांना ही सरमिसळ आवडते. पण तुम्ही एकाच सॉफ्टवेअरसाठी विंडोज ठेवलं असेल, तर ॲप्सच्या देवाणघेवाणीचा तुम्हाला उपयोग जवळपास शून्य. ती बंद करा. फोल्डरच्या देवाणघेवाणीबाबत मात्र इतकी घाई नको. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी काय काय शेअर होतंय ते ओळखा

नवीन माणूस इथेच गोंधळतो, कारण चार वेगवेगळ्या गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात.

पहिली, ॲप्स. विंडोजमधल्या प्रत्येक ॲपसाठी पॅरलल्स मॅकवर एक छोटंसं दर्शनी ॲप तयार करतं. त्याच्या आयकॉनवर लाल रंगाच्या दोन उभ्या रेघा असतात, ही ओळखायची खूण. खरं ॲप विंडोजमध्येच असतं. हे दर्शनी ॲप फक्त व्हीएमला हाक मारतं. म्हणून त्यावर क्लिक केलं की आधी विंडोज सुरू होतं आणि मग ॲप. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी लागते, त्यामुळे ८ जीबीच्या मॅकवर एका चुकीच्या डबल-क्लिकची किंमत म्हणजे निम्मी मेमरी. याचीच उलट बाजूही आहे: मॅकमधली ॲप्स विंडोजच्या 'ओपन विथ' यादीत आणि स्टार्ट मेनूत जाऊन बसतात.

दुसरी, फोल्डर. मॅकमधल्या फायली विंडोजला नेटवर्क ड्राइव्हसारख्या दिसतात.

तिसरी, प्रोफाइल. हे फोल्डरच्या एक पाऊल पुढचं प्रकरण. यात विंडोजचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही ठिकाणं मॅकच्या त्याच नावाच्या ठिकाणांना जोडली जातात. दोन्हीकडे दिसते ती एकच फाइल असते, दोन प्रती नसतात. विंडोजमध्ये 'हा कचरा कशाला' म्हणून डेस्कटॉप साफ केलात, तर मॅकचा डेस्कटॉप साफ झाला.

चौथी, क्लिपबोर्ड. इकडे कॉपी केलं की तिकडे पेस्ट होतं.

याशिवाय 'कोहेरन्स' नावाचा एक दिसण्याचा प्रकार आहे. त्यात विंडोजचा डेस्कटॉप गायब होतो आणि त्याच्या खिडक्या मॅकच्या खिडक्यांमध्ये सुट्या तरंगतात. तो फक्त देखावा. 'व्ह्यू' मेनूतून कोहेरन्समधून बाहेर पडलात की विंडोज पुन्हा आपल्या चौकटीत जातं, पण ॲप्सची देवाणघेवाण तशीच चालू राहते. पुष्कळ जण कोहेरन्स बंद करून थांबतात आणि मग डॉकमधलं फोल्डर अजून का आहे म्हणून डोकं खाजवत बसतात.

पायरी १: विंडोज खरोखर बंद करा

खिडकीच्या लाल गोळ्यावर क्लिक केलं म्हणजे विंडोज बंद झालं असं नाही. अनेकदा व्हीएम फक्त 'सस्पेंड' होते, म्हणजे होती त्या अवस्थेत गोठवली जाते. अशा गोठलेल्या व्हीएमच्या काही सेटिंग्ज बदलता येत नाहीत. काही सेटिंग्ज विंडोज चालू असतानाही बदलतात, पण नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. उघडी कामं सेव्ह करा, विंडोजच्या स्टार्ट मेनूतून नेहमीसारखं शटडाऊन करा आणि पॅरलल्सच्या कंट्रोल सेंटरमध्ये (व्हीएमची यादी दाखवणारी खिडकी; मॅकच्या मेनू बारमधलं कंट्रोल सेंटर नव्हे) ती व्हीएम बंद दिसतेय याची खात्री करा.

पायरी २: ॲप्सची देवाणघेवाण तोडा

कंट्रोल सेंटरमध्ये तुमच्या व्हीएमच्या नावाजवळ दातेरी चाकाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. वर काही टॅब दिसतील. त्यातला 'ऑप्शन्स' उघडा आणि डावीकडच्या यादीतून 'ॲप्लिकेशन्स' निवडा. पॅरलल्सच्या आवृत्तीनुसार शब्द थोडे मागेपुढे होतात, पण जागा हीच.

इथे दोन मुख्य चौकोन आहेत. 'शेअर विंडोज ॲप्लिकेशन्स विथ मॅक' यावरची खूण काढली की विंडोजची ॲप्स मॅकमध्ये यायची थांबतात. 'शेअर मॅक ॲप्लिकेशन्स विथ विंडोज' यावरची खूण काढली की मॅकची ॲप्स विंडोजमध्ये जायची थांबतात. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकच काढून समाधान मानू नका. अनेकांना पहिल्याचा त्रास दिसतो म्हणून ते तेवढंच बंद करतात, आणि महिनाभराने विंडोजमधली पीडीएफ मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडली की पुन्हा चक्रावतात.

डॉकमध्ये विंडोजच्या ॲप्सचं फोल्डर दाखवायचं की नाही, आणि विंडोजच्या घड्याळाजवळचे बारके आयकॉन मॅकच्या मेनू बारमध्ये आणायचे की नाही, यांच्या खुणाही इथेच सापडतील. त्याही काढा. खुलासा एवढाच, की फक्त डॉकमधलं फोल्डर लपवलं तर ॲप्स डॉकमधून जातात. स्पॉटलाइट आणि 'ओपन विथ'मध्ये ती राहतातच. मूळ चौकोनावरची खूण काढणं हाच खरा उपाय.

वेब पेज आणि ईमेलच्या लिंक कोणत्या बाजूला उघडायच्या, याची निवड ऑप्शन्समध्येच वेगळी असते. विंडोजमधल्या लिंकवर क्लिक केल्यावर सफारी उघडत असेल, तर ती निवड बदला आणि दोन्हीकडच्या लिंक आपापल्या बाजूलाच उघडू द्या. सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचं काम विंडोजमध्ये करणाऱ्यांनी हे विसरू नये. सही करणारं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये आणि पोर्टल उघडलंय मॅकच्या सफारीत, अशा अवस्थेत ते सॉफ्टवेअर टोकनला (डिजिटल सही असलेल्या यूएसबीला) शोधत बसतं आणि माणूस टोकनलाच दोष देतो.

पायरी ३: मागे राहिलेला पसारा आवरा

खुणा काढल्यावर पॅरलल्स आपली दर्शनी ॲप्स स्वतः काढून टाकतं. एकदा मॅक रीस्टार्ट करा, म्हणजे 'ओपन विथ'ची यादीही ताजी होते. तरी काही उरलंच, तर ते असं काढा.

डॉकमध्ये आपण स्वतः टिकवून ठेवलेला एखादा विंडोज ॲपचा आयकॉन असेल, तर तो प्रश्नचिन्ह होऊन बसतो. तो पकडून डॉकच्या बाहेर ओढा आणि सोडा.

फाइंडरमध्ये तुमच्या होम फोल्डरमध्ये जा. तिथे ॲप्लिकेशन्स या शब्दापुढे पॅरलल्सचं नाव जोडलेलं एक फोल्डर दिसू शकतं. पूर्वी कधी काढून टाकलेल्या व्हीएमची दर्शनी ॲप्स त्यात पडून राहिलेली असतात. पॅरलल्स पूर्ण बंद करून त्या फोल्डरमधली जुनी ॲप्स कचरापेटीत टाकली तर बिघडत काही नाही, कारण ती नुसती पाटी आहे, दुकान नव्हे.

पण इथे डोळे उघडे ठेवा. त्याच परिसरात फक्त 'पॅरलल्स' एवढ्याच नावाचं दुसरं फोल्डर असू शकतं. त्याच्या आत पीव्हीएम प्रकारची, कित्येक जीबींची एक फाइल असते. ती फाइल म्हणजेच तुमचं विंडोज: टॅलीचा डेटा, श्री-लिपीतल्या पत्रिका, सगळं त्या एका फाइलीत. दोन्ही फोल्डरची नावं इतकी सारखी आहेत की सफाईच्या भरात चुकीचं फोल्डर कचरापेटीत जायला वेळ लागत नाही. शंका आली तर आकार बघा. दर्शनी ॲप्स चिमूटभर असतात. विंडोजची फाइल मॅकवरची सगळ्यात जड वस्तूंपैकी एक असते.

पायरी ४: फाइलींचं पालकत्व परत घ्या

देवाणघेवाण बंद झाली तरी एखाद्या प्रकारच्या फायली कोणत्या ॲपमध्ये उघडायच्या, याची मॅकची आठवण बिघडलेली असू शकते. समजा, टेक्स्ट फायली नोटपॅडकडे गेल्या होत्या. अशी एक फाइल निवडा आणि कमांड व आय ही बटणं एकत्र दाबा. माहितीची खिडकी उघडेल. त्यात 'ओपन विथ'खाली टेक्स्टएडिट निवडा आणि लगेच खालचं 'चेंज ऑल' दाबा. हे बटण दाबलं नाही तर बदल त्या एकाच फाइलपुरता राहतो. पीडीएफ, जेपीजी, एक्सेलच्या फायली अशा ज्या ज्या प्रकारांनी छळलं असेल, त्या प्रत्येकासाठी हे एकदाच करायचं.

विंडोजच्या बाजूला हेच काम सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'डिफॉल्ट ॲप्स' इथे होतं. तिथे फाइलचा प्रकार टाइप करून विंडोजमधलंच ॲप निवडा.

पायरी ५: फोल्डरबद्दल शांतपणे ठरवा

आता दातेरी चाकाने उघडलेल्या सेटिंग्जच्या त्याच खिडकीत 'ऑप्शन्स'खाली 'शेअरिंग' उघडा. मॅकमधले कोणते फोल्डर विंडोजला दिसावेत, याचे पर्याय इथे असतात: सगळे डिस्क, फक्त होम फोल्डर, किंवा काहीच नाही.

ॲप्सची सरमिसळ हा निव्वळ वैताग आहे. फोल्डरची सरमिसळ हा धोका. आपण समजतो की विंडोजमध्ये काही घातक शिरलं तरी ते व्हीएमच्या पेटीतच राहील. पण पूर्ण होम फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह विंडोजला उघडं असेल, तर ती पेटी झाकण नसलेली आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरही हात मारतं. त्याच्या दृष्टीने तुमच्या मॅकचं होम फोल्डर म्हणजे आणखी एक ड्राइव्ह. मॅक स्वतः निरोगी असूनही त्यातले फोटो आणि कागदपत्रं जाऊ शकतात.

दुसऱ्या टोकाला जाऊन सगळंच बंद केलं, तर टॅलीतून निघालेली पीडीएफ मॅकवर आणून ग्राहकाला पाठवायची कशी, हा प्रश्न उरतो. लोक मग स्वतःलाच ईमेल करत बसतात. म्हणून माझा सल्ला मधला आहे. मॅकवर एक नवीन फोल्डर करा, त्याला 'देवाणघेवाण' असं काहीही नाव द्या. शेअरिंगमध्ये मुख्य पर्याय 'काहीच नाही' ठेवा आणि स्वतः निवडलेल्या फोल्डरच्या यादीत तेवढं एकच फोल्डर जोडा. विंडोजला त्यातून फक्त वाचायचं असेल, तर परवानगी 'रीड ओन्ली' ठेवता येते. तिथून बाहेर पाठवायचंही असेल, तर लिहिण्याची परवानगी द्या. काम झालं की फाइल आपल्या जागी हलवा. त्या फोल्डरचं गोदाम होऊ देऊ नका.

उलट बाजूही तिथेच आहे: विंडोजचे ड्राइव्ह मॅकच्या फाइंडरमध्ये दिसावेत की नाही. नको असतील तर ती खूण काढा.

प्रोफाइल तोडण्याआधी

'शेअर्ड प्रोफाइल' हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून तो शेवटी ठेवला. तो चालू असेल तर विंडोजच्या डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल प्रत्यक्षात मॅकच्या डेस्कटॉपवर असते. त्यात मॅकवर आयक्लाउडचं 'डेस्कटॉप अँड डॉक्युमेंट्स' चालू असेल, तर तीच फाइल आयक्लाउडवर आणि तिथून तुमच्या आयफोनवरही पोहोचते. अशिलाच्या हिशेबाचा बॅकअप विंडोजच्या डेस्कटॉपवर ठेवणाऱ्या कर सल्लागाराने हे एकदा डोळ्यांखालून घालावं.

प्रोफाइल बंद केल्यावर विंडोजचा डेस्कटॉप एकदम रिकामा दिसू शकतो. छातीत धस्स होतं, पण फायली गेलेल्या नसतात. त्या मॅकच्या डेस्कटॉपवर, जिथे पहिल्यापासून होत्या, तिथेच असतात. फक्त विंडोज आता स्वतःच्या मूळ, रिकाम्या डेस्कटॉपकडे बघू लागलेलं असतं. त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी मॅकचा टाइम मशीन बॅकअप घ्या. मग प्रोफाइल बंद करा, विंडोज सुरू करा आणि विंडोजला लागणाऱ्या फायली देवाणघेवाणीच्या फोल्डरमधून आत न्या. एखाद्या सॉफ्टवेअरने आपला डेटा डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्सच्या जोडलेल्या पत्त्यावर ठेवला असेल, तर त्याला नवीन पत्ता सांगावा लागेल. हे महिनाअखेरीला, रिटर्नच्या गडबडीत करू नका. रविवारी सकाळी निवांत करा.

'आयसोलेट' हे बटण कुणासाठी

सेटिंग्जच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्ये 'आयसोलेट विंडोज फ्रॉम मॅक' असा एक चौकोन आहे. एकच खूण, आणि ॲप्स, फोल्डर, प्रोफाइल, कॉपी-पेस्ट अशी सगळी ये-जा बंद. वाचायला हे आदर्श वाटतं आणि वैतागलेला माणूस आधी हेच करतो. मग दुसऱ्या दिवशी मॅकवरच्या व्हॉट्सॲपमधला पत्ता कॉपी करून टॅलीत टाकायला जातो आणि पेस्ट होत नाही म्हणून पुन्हा वैतागतो.

रोजच्या कामाच्या व्हीएमला हे लावू नका. अनोळखी सॉफ्टवेअर तपासायला, संशयास्पद फाइल उघडून बघायला एखादी वेगळी व्हीएम ठेवलीत, तर तिला मात्र हे हवंच. तेव्हाही लक्षात असू द्या, आयसोलेट केल्याने इंटरनेट तुटत नाही. ते तोडायचं असेल तर 'हार्डवेअर' टॅबमधून नेटवर्क वेगळं काढावं लागतं.

श्री-लिपी वापरणाऱ्यांसाठी इथे एक आडवळण. क्लिपबोर्ड चालू असूनही जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर मॅकवर पेस्ट केला की अगम्य अक्षरं उमटतात. हा देवाणघेवाणीचा दोष नाही आणि पॅरलल्सच्या कोणत्याही सेटिंगने तो जाणार नाही. मॅकवर तो फाँट नाही, आणि त्या फाँटचं सांकेतिक कोष्टक युनिकोडपेक्षा वेगळं आहे. आधी विंडोजमध्येच युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग कॉपी करा.

पॅरलल्स नसेल तर

व्हीएमवेअर फ्यूजन वापरत असाल (नोव्हेंबर २०२४ पासून ते सर्वांना मोफत आहे), तर व्हीएमच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स' हा भाग बघा. मॅकच्या फायली विंडोजमध्ये आणि विंडोजच्या फायली मॅकमध्ये उघडायच्या की नाही, हे तिथे ठरतं. कॉपी-पेस्ट आणि ओढून टाकणं बंद करायला 'आयसोलेशन' नावाचा वेगळा भाग आहे.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये हा त्रास जवळपास नाहीच. ते ॲप्स शेअर करत नाही, आणि क्लिपबोर्डही तुम्ही चालू करेपर्यंत बंदच असतो. तिथे लोकांची तक्रार नेमकी उलटी असते.

विंडोज ११ वर लिनक्सची उपप्रणाली (डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) टाकलेल्यांना लिनक्सची ॲप्स स्टार्ट मेनूत दिसतात, तोही याच जातीचा प्रकार. ती नको असतील तर उपप्रणालीच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिकल ॲप्सचा पर्याय बंद करून ती पुन्हा सुरू करावी लागते.

बदल झाला का, हे तपासायला विंडोज बंद ठेवा आणि स्पॉटलाइटमध्ये नोटपॅड शोधा: लाल रेघांचा आयकॉन दिसता कामा नये. मग एक टेक्स्ट फाइल, एक फोटो आणि एक पीडीएफ डबल-क्लिक करून बघा. विंडोज उठलं नाही तर मॅककडचं काम झालं. नंतर विंडोज सुरू करा आणि तिथल्या एखाद्या फाइलवर राइट-क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये मॅकचं ॲप उरलंय का ते पाहा.

ऑफिसने दिलेल्या मॅकवर यातले काही चौकोन राखाडी दिसतील आणि क्लिकला दाद देणार नाहीत. ती सेटिंग्ज तुमच्या आयटी विभागाने कुलूपबंद केलेली असतात. त्यांनाच सांगा. आणि कधी ही व्हीएम कायमची काढायची वेळ आली, तर ती पीव्हीएम फाइल हाताने कचरापेटीत टाकू नका. कंट्रोल सेंटरमध्ये व्हीएमवर राइट-क्लिक करून 'रिमूव्ह' निवडा, म्हणजे दर्शनी ॲप्सही तिच्याबरोबरच जातील.